वहिनीचं एचबी (रक्तातलं हिमोग्लोबिन) ७.८, पाचवा महिना, आणि दिवाळीनंतर ऊसतोडीची टोळी निघणार. काय करू?

बालाघाटची_लेक · २४ सप्टेंबर

मी छत्रपती संभाजीनगरला बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गाव धारूर तालुक्यात. घरचे सगळे ऊसतोडीला जातात. यंदा दादा-वहिनीचा कोयता (नवरा-बायकोची जोडी) सांगलीकडच्या कारखान्यावर लागलाय. टोळी नेणाऱ्या मुकादमाकडून उचल (आगाऊ पैसे) जूनमध्येच घेतली, ती ताईच्या लग्नाच्या देण्यात गेली. म्हणजे जायचं तर आहेच.

वहिनी २२ वर्षांची. पहिली मुलगी सव्वा वर्षाची आहे, अजून अंगावर पिते. आणि आता हा पाचवा महिना.

रविवारी घरी गेले होते. चुलीपुढून उठताना वहिनी भिंत धरून उभी राहिली. मी धावले तर म्हणाली, "काही नाही गं, उन्हाची घेरी." सकाळपासून झड लागली होती, ऊन कुठलं! रात्री तिच्याशेजारी झोपले तेव्हा उशीखाली पाटीवरच्या पेन्सिलींचा पुडा हाताला लागला. लपून खाते ती. कुणाला सांगू नको म्हणून माझ्या हातापाया पडली.

मग तिचं कार्ड काढून बघितलं. एचबी ७.८ लिहिलंय. आशाताईंनी दिलेल्या लाल गोळ्यांच्या तीन पट्ट्या कणगीमागे तशाच पडल्यात. पहिल्या चार गोळ्या घेतल्या, मळमळलं, शौचाला काळं झालं, ती घाबरली आणि बंद केल्या. आई म्हणते, गोळ्यांनी बाळ पोटात मोठं होतं आणि मग अडकतं. आईचं चुकतंय हे मला कळतं, पण तिला काय सांगू ते कळत नाही.

७.८ म्हणजे किती वाईट? रक्ताची बाटली लावावी लागेल का? एक खासगी डॉक्टर "लोहाचं सलाईन लावून टाकू" म्हणाले आणि खर्च ऐकून दादा गप्प बसला. आणि तिला तोडीला जाऊ द्यायचं का? हा शेवटचा प्रश्न विचारायचा मला तरी काय अधिकार, पण विचारते.

शेतकरी_माणूस · २४ सप्टेंबर

ताई, घाबरू नका. रोज बीटाचा रस, गूळ-शेंगदाणे आणि चार खजूर द्या. आमच्याकडे सगळ्या बायांना हेच देतात. गोळ्यांची उष्णता होते.

उपकेंद्र_सिस्टर · २४ सप्टेंबर, रात्री

लेकी, मी १९ वर्षं एएनएम (नर्स) म्हणून उपकेंद्रावर काम करते, तुझ्याच जिल्ह्याच्या शेजारी. ऊसतोडीचीच गावं आहेत माझ्याकडे. सावकाश वाच आणि घरी वाचून दाखव.

आधी आकडा. गरोदर बाईचं एचबी ११ किंवा वर हवं. १० ते १०.९ म्हणजे सौम्य, ७ ते ९.९ मध्यम, ७ च्या खाली तीव्र. तुझी वहिनी मध्यम गटात आहे, पण काठावर. आज रक्ताची बाटली लागणार नाही. मात्र पोटातल्या बाळाची लोहाची खरी मागणी पुढे आहे, शेवटच्या तीन महिन्यांत. आत्ता काही केलं नाही तर हाच आकडा थंडीत सहावर येईल, आणि तेव्हा ती उसाच्या फडात असेल.

पाटीवरची पेन्सिल, भाजकी माती, चुलीची राख, कच्चे तांदूळ खावेसे वाटणं हे अंगात लोह कमी असल्याचं लक्षण असतं. तिला त्याची लाज वाटते म्हणून ती लपवते. तिला सांग, सिस्टर म्हणाल्या की माझ्याकडं येणाऱ्या कितीतरी बाया हे खातात. लोह भरत आलं की ती इच्छा आपोआप जाते. रागावू नका तिला.

आता गोळ्या. लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. चौथ्या महिन्यापासून रोज एक, असं १८० दिवस, हे प्रत्येक गरोदर बाईसाठी. एचबी ११ च्या खाली असेल तर रोज दोन. म्हणजे वहिनीला दोन. पण एकदम दोन सुरू करू नका, पुन्हा ओकेल आणि पुन्हा पट्टी कणगीमागे जाईल. पहिले चार-पाच दिवस एकच, रात्री झोपताना, जेवणानंतर दोन तासांनी. मळमळ झोपेत निघून जाते. मग दुपारी दुसरी सुरू करा. कॅल्शियमच्या पांढऱ्या गोळ्या सकाळ-संध्याकाळच्या जेवणासोबत द्या, लोहाच्या गोळीबरोबर कधीच नाही, कारण कॅल्शियम लोहाला अंगात जाऊ देत नाही. दोन्ही गोळ्या एका मुठीत घेऊन गिळणाऱ्या बाया मी रोज बघते. घेतल्याचं समाधान मिळतं, एचबी हलत नाही.

आणि चहा. यावर मी जरा जास्तच बोलते, बोलू दे. आपल्याकडे उठल्याबरोबर चहा, भाकरीबरोबर चहा, पाहुणा आला की चहा, भूक मारायला चहा. गोळीच्या किंवा जेवणाच्या आगेमागे तासभर चहा घेतला की त्यातलं टॅनिन लोहाला धरून ठेवतं आणि ते तसंच बाहेर जातं. चहा सोडा असं मी कुणाला सांगत नाही, तेवढंच एक सुख असतं त्यांना. फक्त वेळ हलवा. गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्या. लिंबू नसेल तर पेरूची फोड, आवळा, काहीही आंबट.

शौचाला काळं होणार. न वापरलेलं लोह तसं बाहेर पडतं. मी तर घरी गेले की हेच विचारते, "काळी होते का?" होते म्हणाली की कळतं, गोळी पोटात जातेय.

बाळ मोठं होऊन अडकतं याबद्दल आईंना असं सांग: गोळीनं बाळाचा आकार वाढत नाही. आईच्या अंगात रक्त नसेल तर बाळ कमी दिवसांचं आणि कमी वजनाचं होतं, आणि असं बाळ जगवणं जास्त अवघड. आईंनी स्वतःची बाळंतपणं निभावली असतील, त्यांचा हा समज भीतीतून आलाय. त्यांना कमी लेखू नकोस. गोळी द्यायचं काम त्यांच्याकडेच दे. सासूनं हातावर गोळी ठेवली की सून नाही म्हणत नाही.

वरच्या दादांनी बीट, गूळ, खजूर सांगितलं. खा, चांगलंच आहे. पण बीटाचा लाल रंग म्हणजे लोह नव्हे. १०० ग्रॅम बीटात एक मिलिग्रॅमसुद्धा लोह नसतं, खजुरातही जेमतेम तेवढंच, आणि वनस्पतीतल्या लोहाचा थोडाच वाटा अंगी लागतो. ७.८ वरून ११ वर बीटानं कुणी गेलेलं मी पाहिलेलं नाही. जेवणात शेवग्याचा पाला, हरभऱ्याचा पाला, मटकीची मोड आलेली उसळ, हाळीवाचे लाडू, बाजारादिवशी सुकट किंवा कलेजी, भाजी लोखंडी कढईत, वर लिंबू. हे गोळीच्या जोडीला. गोळीच्या जागी नको.

जंताची गोळी मिळाली का बघ. अल्बेंडाझोल ४०० मिलिग्रॅम, एकदाच, तीन महिने उलटल्यावर देतात. अनवाणी रानात वावरणाऱ्या माणसाच्या पायातून आकडेकृमी आत शिरतो आणि आतड्याला चिकटून रक्त पितो. वरून किती ओता, खाली गळतच राहतं.

लोहाच्या सलाईनसाठी पैसे देऊ नका. आयर्न सुक्रोज सरकारी रुग्णालयात फुकट मिळतं, एका दिवसाआड २०० मिलिग्रॅम असे चार-पाच डोस. एफसीएम म्हणून दुसरं आहे, त्यात एकाच बैठकीत जास्त डोस बसतो. ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच लावायचं, क्वचित रिॲक्शन येते म्हणून. दर महिन्याच्या ९ तारखेला सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी असते, त्या दिवशी तिला ग्रामीण रुग्णालयात ने आणि स्पष्ट सांग की दिवाळीनंतर ही तोडीला जाणार आहे. महिनाभर गोळ्या घेऊनही एचबी एकानं वाढलं नाही, किंवा बाई स्थलांतर करणार असेल, तर डॉक्टर इंजेक्शनचा विचार करतात.

तोडीचं विचारलंस. उत्तर मला माहीत आहे आणि तुलाही माहीत आहे. पण उचल घेतलेल्या घराला "पाठवू नका" एवढंच सांगून मी माझ्या घरी झोपायला जाऊ शकत नाही. म्हणून एक गोष्ट सांगते.

बरीच वर्षं झाली. मार्चात टोळी परतली आणि एक बाई नववा महिना भरलेली ट्रॅक्टरमधून उतरली. ऑक्टोबरात मीच तिला गोळ्या दिल्या होत्या, तीस. पुढच्या तीस कुठून घ्यायच्या ते मी सांगितलं नव्हतं. पापणी खाली ओढली तर आतला भाग कागदासारखा पांढरा. एचबी ५.४. त्याच रात्री जिल्ह्याला पाठवली. रक्त जुळवेपर्यंत पहाट झाली, नातेवाईक रक्त द्यायला घाबरत होते, आणि तोवर ती मोकळी झाली. फार रक्त गेलं नव्हतं. तेवढं धडधाकट बाईचं गेलं असतं तर ती दुसऱ्या दिवशी चहा मागत उठली असती. ही उठली नाही. बाळ जगलं, आता शाळेत जातं. त्याला रस्त्यात बघितलं की मला त्या तीस गोळ्या आठवतात.

म्हणून आता माझ्या गावातली प्रत्येक गरोदर बाई जाताना चार महिन्यांच्या पट्ट्या, कार्डाची झेरॉक्स आणि कारखान्याजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राचं नाव चिठ्ठीवर घेऊन जाते. तुझ्या आशाताईंकडून हे सगळं मागून घे. अडलं तर इथं लिही.

आणि एक बघ. रात्री तिचं ताट कोण वाढतं? सगळ्यांचं झाल्यावर टोपल्यात किती भाकरी उरते? कालवण उरतं का? तू घरी असशील तेव्हा तिच्याबरोबर बसून जेव.

लॅबवाला_दादा · २५ सप्टेंबर

सिस्टरांनी सगळं सांगितलंय, माझ्या कामापुरतं जोडतो. कार्डावरचा आकडा बोटाच्या रक्ताचा असेल. बोट फार पिळलं की त्यात अंगातलं पाणी मिसळतं आणि एचबी खोटं कमी येतं. साहलीच्या नळीवर रंग जुळवून सांगितलेलं असेल तर बघणाऱ्याच्या नजरेवरही जातं. एकदा शिरेतून रक्त देऊन सीबीसी (रक्तातल्या सगळ्या पेशींची तपासणी) करून घ्या, ग्रामीण रुग्णालयात होते. त्यात एमसीव्ही, म्हणजे तांबड्या पेशींचा सरासरी आकार, हा आकडा बघायला सांगा. तांबड्या पेशी लहान असतील तर बहुतेक लोहाचीच कमतरता. पेशी फारच लहान आणि गोळ्या नीट घेऊनही एचबी हलत नसेल, तर थॅलेसेमिया मायनरची (आईबापाकडून येणारा रक्ताचा दोष) तपासणी करावी. पुढचं एचबी त्याच मशीनवर करा, नाहीतर वाढ झाली की मशीन बदललं ते कळणार नाही.

सातपुडा_आशा · २५ सप्टेंबर

मी नंदुरबार जिल्ह्यात आशा आहे. आमच्याकडे रक्त कमी दिसलं की आधी सिकलसेल (तांबड्या पेशींचा आनुवंशिक आजार) बघतात, सोल्युबिलिटी टेस्ट करून. सिकलसेलच्या बाईचं रक्त बहुतेकदा लोहाअभावी कमी होत नाही, पेशीच लवकर फुटतात. तिला नुसतं लोह देत राहिलं तर उपयोग नाही. तुमच्याकडे हा आजार कमी, तरी हे वाचणारी कुणी आदिवासी किंवा विदर्भातली बाई असेल तिच्यासाठी लिहिलं. तपासणी फुकट आहे.

फडातली_पोर · २६ सप्टेंबर

मी फडातच वाढले. बाकीच्यांनी औषधाचं सांगितलं, मी तिथला दिवस सांगते. म्हणजे गोळी कुठं बसवायची ते तुला ठरवता येईल.

पहाटे तीनला उठायचं. कोपीबाहेर (फडाजवळची झोपडी) तीन दगडांवर काळा चहा, दूध नसतंच. अंधारातच फडात. दहा-अकराला भाकरी आणि ठेचा. बाई मोळ्या बांधते, डोक्यावर घेऊन गाडीत भरते. गाडी रात्री आली तर रात्री भरायची. आडोसा नाही म्हणून बाया दिवसभर पाणीच पीत नाहीत. दवाखान्यात गेलं तर खाडा, आणि खाडा म्हणजे पैसे कापले. म्हणून बाई दवाखान्यात जातच नाही.

गोळी रात्रीची लावा, ती तेवढी जमते. दुपारची फडात विसरते. माझ्या मावशीनं पट्टी पदराला गाठ मारून ठेवली होती.

माझ्या आईचं अंगावरून फार जायचं. महिन्याचे आठ-आठ दिवस, कापडावर कापड. रक्त कमी झालं म्हणून कुणी तपासलं नाही, ३२ व्या वर्षी पिशवी (गर्भाशय) काढून टाकली. कुणी म्हणालं कटकट गेली. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीच्या वेळी बीडमधल्या ८२,३०९ ऊसतोड बायांची पाहणी झाली, त्यात १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. माझी आई त्यातली एक. आज ती पंचेचाळीसची आहे, कंबर धरून चालते. एचबी मागच्या महिन्यात ९ होतं. पाळी नाही तर रक्त का कमी, हे मी तेव्हा पहिल्यांदा विचारलं. जंत निघाले, आणि जेवायला ती अजूनही शेवटी बसते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे आकडे बघितले की मला राग येतो. २०१५-१६ ला महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या १०० बायांत ४८ जणींचं रक्त कमी होतं, २०१९-२१ ला ५४. गोळ्या फुकट, तपासणी फुकट, आणि आकडा वर. तुझी वहिनी त्या ५४ मधली आहे, पण तुझ्या घरात ती एकच आहे. तिच्यामागे लाग.

बालाघाटची_लेक · ३० ऑक्टोबर

सगळ्यांना सांगायला आले.

आईला सिस्टरांचं लिहिलेलं वाचून दाखवलं. पेन्सिलीचा भाग गाळला, वहिनीला शब्द दिला होता. त्या मार्चातल्या बाईचं ऐकून आई काहीच बोलली नाही. रात्री भांडी झाल्यावर स्वतः उठून कणगीमागच्या पट्ट्या काढल्या आणि देव्हाऱ्यात ठेवल्या. तेव्हापासून दिवा लावला की पट्टी बघते. आई शिकलेली नाही, ती रिकाम्या झालेल्या जागा बोटानं मोजते.

सीबीसी केली. शिरेच्या रक्तावर ७.९ आलं, म्हणजे कार्डावरचं खरंच होतं. पेशी लहान. जंताची गोळी दिली. २७ तारखेला त्याच मशीनवर ९.० आलं. पेन्सिली बंद झाल्यात, वहिनीनंच मला फोनवर सांगितलं. म्हणाली, "आता त्या वासानंच नको वाटतं."

तोडीला मात्र जाणार. दादाशी भांडले. तो म्हणाला, "तू उचल फेड, मी तिला ठेवतो." मग मीच रडले. तो वाईट नाही. शेवटी एवढं ठरलं की ती मोळी डोक्यावर घेणार नाही, फक्त बांधेल, आणि आठवा लागला की तेही बंद. छोटीला आई घरीच सांभाळेल.

उपकेंद्र_सिस्टर · ३० ऑक्टोबर

महिन्यात एकापेक्षा जास्त वाढलं, म्हणजे गोळी लागू पडतेय. आईंना माझा नमस्कार सांग.

९ नोव्हेंबरला तपासणीला ने. ९.० छान आहे, पण तिथं गेल्यावर गोळ्या सुटायची भीती आहे. जायच्या आधी इंजेक्शनचे डोस बसवता येतील का, हे डॉक्टरांना तूच विचार, दादा लाजेल. पट्ट्या चार महिन्यांच्या घे. प्रसूती कोपीत होऊ द्यायची नाही. कळा सुरू झाल्या की १०८ किंवा १०२ लावायचा, मुकादमाला विचारत बसायचं नाही. हे दादाच्या फोनमध्ये लिहून ठेव.

बालाघाटची_लेक · २० फेब्रुवारी

मुलगा झाला. २ किलो ७०० ग्रॅम. कारखान्याजवळच्या ग्रामीण रुग्णालयात, रात्री सव्वादोनला. १०२ नं नेलं. निघायच्या आधी आयर्न सुक्रोजचे चार डोस झाले होते. मधल्या काळात वहिनीनं गोळ्या सोडल्या नाहीत, पट्टी तिनं पदराला बांधली होती (फडातली_पोर, हे तुझ्यामुळे). बाळंतपणाच्या आधीचं एचबी १०.४. रक्त लावावं लागलं नाही.

जानेवारीपासून ती कोपीवरच होती. मुकादमानं अर्धा कोयता धरला. तेवढी उचल अंगावर राहिली, पुढच्या वर्षी फेडायची आहे.

दादाचा फोन आला तेव्हा मी लायब्ररीत होते. बाहेर येऊन जिन्यात बसले आणि खूप रडले. सिस्टर, आता पुढे काय करायचं? गोळ्या थांबवायच्या का?

उपकेंद्र_सिस्टर · २० फेब्रुवारी

आज उपकेंद्रावर पेढे मीच वाटले, कुणाच्या बाळाचे ते सांगितलं नाही.

थांबवायच्या नाहीत. बाळंतपणानंतरही १८० दिवस, रोज एक. रक्त आत्ताच गेलंय आणि ती पाजतेय. २०१९-२१ च्या पाहणीत देशात गरोदरपणीच्या १८० दिवसांच्या गोळ्या पुऱ्या करणाऱ्या बाया शंभरात २६ होत्या, आणि उशिरा सुरू करूनही ती त्याच्या जवळ पोचली. आता ही दुसरी फेरी पुरी करायची. सहा आठवड्यांनी एचबी कर, ११ वर समाधान मानू नका, गरोदर नसलेल्या बाईचं १२ हवं.

दोन बाळांत फार कमी अंतर पडलं, पहिल्या वेळची झीज भरायच्या आत दुसरं राहिलं. आता किमान दोन वर्षं पुढचं राहू देऊ नका. काय वापरायचं ते तिला आणि दादाला एकत्र बसवून तुमच्याकडच्या सिस्टरांकडून समजून घ्या. तांबी बसवली तर पहिले काही महिने अंगावरून जास्त जाऊ शकतं, रक्त कमी असलेल्या बाईनं हे आधी बोलून घ्यावं. दुसरे उपाय आहेत, 'अंतरा' नावाचं इंजेक्शन आहे.

सव्वा वर्षाच्या पोरीला आता दीड पूर्ण झालं असेल. लहान मुलांना लोहाचं सिरप मिळतं, आठवड्यातून दोनदा, एक मिलिलिटर. आशाताईंकडून आईंना मागून घ्यायला सांग, आणि बाटली देव्हाऱ्यात पट्टीशेजारीच ठेवू दे.